मोगलीचे अरण्य आणि वैनगंगेचे खोरे

१९९३ साली दूरदर्शनवरून दर रविवारी सकाळी एक जपानी चित्रमालिका हिंदी भाषांतरित स्वरूपात दाखविली जाऊ लागली. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने तयार केलेली ही बावन्न भागांची मालिका जपानमध्ये १९८९-९० साली प्रक्षेपित झाली होती. तिचा नायक लांडग्यांच्या कळपात वाढलेला मोगली. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, त्याला संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले आणि शेरखान या वाघाला आवाज नाना पाटेकर यांनी दिला. मालिकेचा मूळ आधार असलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक' (१८९४) आणि 'द सेकंड जंगल बुक' (१८९५) या दोन पुस्तकांत मोगलीच्या अरण्याला भूगोल आहे. ते अरण्य सिवनीच्या डोंगरांत असून त्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव वैनगंगा असे स्पष्टपणे दिलेले आहे. तीच वैनगंगा पुढे खाली उतरून गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याच्या कडेने वाहते. तात्पर्य, एका जगप्रसिद्ध कल्पित सृष्टीचे नाव ज्या नदीने धारण केले आहे, तिच्या काठी मराठी बोलली जाते. आणि या सृष्टीचा विचार मराठी इतिहासाभ्यासाच्या कक्षेत येण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

काल्पनिक सृष्टीचा इतिहास म्हणजे काय, असा प्रश्न येथे उद्भवणे स्वाभाविक आहे. कथेतील घटना घडल्या नाहीत हे उघड असल्यामुळे त्यांच्या खरेखोटेपणाची चौकशी निरर्थक होय. परंतु लेखक जेव्हा एखाद्या खऱ्या प्रदेशाचे नाव घेऊन त्यावर कल्पनेची इमारत उभारतो, तेव्हा त्या प्रदेशातील कोणत्या वस्तू त्याने उचलल्या, कोणत्या बाहेरून आणल्या आणि कोणत्या वगळल्या, हा प्रश्न शुद्ध ऐतिहासिक स्वरूपाचा ठरतो. वैनगंगेच्या खोऱ्याच्या बाबतीत यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्याचे वडील तेथील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक होते. बालपणीच त्याला इंग्लंडला धाडण्यात आले. १८८२ साली तो परतला तो लाहोरला वृत्तपत्राच्या नोकरीवर, आणि पुढे १८८७ पासून अलाहाबादेस. मध्यप्रांत अलाहाबादेच्या शेजारीच. तथापि सिवनीच्या डोंगरांत त्याने मुक्काम केल्याचा पुरावा नाही. जंगलकथा त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतील व्हर्माँट संस्थानात, बर्फाच्छादित प्रदेशात बसून. म्हणजे सातपुड्याचे अरण्य त्याच्यापुढे होते ते ग्रंथरूपाने. त्या ग्रंथांत रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याच्या दोन पुस्तकांची गणना अभ्यासक प्रामुख्याने करतात : सिवनी परिसरातील शिकारी जीवनावरचे १८७७ चे पुस्तक आणि हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवरचा १८८४ चा ग्रंथ. (हाच स्टर्नडेल पुढे सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर झाला.) कॅप्टन जेम्स फोर्साइथचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखाविषयीचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ते त्या काळच्या इंग्रजी वाचकांत इतके परिचित होते की किपलिंगच्या हाती ते पडले नसेल असे मानणे कठीण आहे.

लांडग्यांनी वाढविलेल्या मुलाची कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने आलेली दिसते. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने १८५२ साली लांडग्यांच्या गुहेत सापडलेल्या मुलांविषयी एक लहानशी पुस्तिका छापली होती. तिच्यातील प्रकरणे मुख्यतः सुलतानपूर व आसपासच्या, म्हणजे अवधच्या मुलखातील आहेत. पर्यटकांसाठी लिहिलेल्या साहित्यात सिवनी जिल्ह्यातीलच एका गावी १८३१ मध्ये असे मूल पकडल्याची हकीकत सांगितली जाते. परंतु नंतर प्रसिद्धी पावलेल्या कथेला स्थानिक पूर्वज शोधण्याची ही प्रवृत्ती सर्वत्र आढळते, आणि तिच्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे.

आता भूगोलाकडे वळावे. कथेतील शेरखान वैनगंगेच्या काठी, लांडग्यांच्या गुहेपासून वीस मैलांवर राहतो. मोगलीला आश्रय देणारे गाव डोंगरउतारापलीकडच्या मैदानावर आहे, आणि जवळचे सरकारी ठाणे कान्हीवाडा. सिवनीच्या पूर्वेस कान्हीवाडा नावाचे गाव खरोखरीच आहे. वाघाच्या कातड्यावर शंभर रुपयांचे सरकारी बक्षीस लागलेले आहे, ही गोष्टही त्या काळच्या धोरणाशी सुसंगत होय. येथपर्यंत नकाशा जुळतो. मात्र अरण्यातील उद्ध्वस्त नगरी, जिथे वानरांनी मोगलीला पळवून नेले, ती सातपुड्यातील नव्हे. तिच्या तळघरातील खजिन्याची राखण करणारा पांढरा नाग जी वंशावळ सांगतो ती बाप्पा रावळाच्या काळाशी, म्हणजे मेवाडच्या घराण्याच्या मूळ पुरुषाशी जाऊन भिडते. किपलिंगने १८८७ मध्ये राजपुतान्याचा प्रवास केला होता आणि चितोडच्या ओसाड गडाचे वर्णन लिहिले होते. ते अवशेष उचलून त्याने वैनगंगेच्या काठी ठेवले, हे उघड आहे. गोंडवनात उद्ध्वस्त गडांची वाण नव्हती. लांजीचा किल्ला वैनगंगेच्याच खोऱ्यात आहे. छिंदवाड्याकडील देवगड ही एका गोंड राज्याची राजधानी होती, आणि त्या राज्याच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूरची उभारणी सुरू केली. असे असता खजिन्याचा मालक राजपूत असावा आणि गोंड केवळ त्या खजिन्यातील रत्नजडित अंकुशासाठी खून करणारा शिकारी असावा, ही निवड लक्षात घेण्यासारखी आहे.

नदीच्या वर्णनातही अशीच सरमिसळ आढळते. रानकुत्र्यांच्या टोळीशी झालेल्या लढाईच्या कथेत मोगली उंच कड्यावरून खोल घळईत उडी घेतो, आणि त्या घळईच्या भिंती मधमाश्यांच्या मोहोळांनी झाकलेल्या असतात. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडाराजवळ उगम पावते, प्रथम उत्तरेकडे जाऊन मग पूर्वेस व दक्षिणेस वळते आणि वरच्या भागात खडकांमधून वाट काढते, हे खरे. तथापि मोहोळांनी भरलेले कडे आणि खाली खोल पाणी हे दृश्य फोर्साइथने वर्णिलेल्या, जबलपूरजवळच्या नर्मदेच्या संगमरवरी खडकांशी अधिक जुळते. तिरोड्यापाशी येईतो वैनगंगेचे रूप अगदीच पालटते. पात्र रुंद, काठ मातीचे, मध्ये वाळूची बेटे. उन्हाळ्यात ढिवरांच्या डोंग्यांनाही पाणी शोधावे लागते. पुढे हीच नदी भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून जाऊन वर्धेला मिळते आणि प्राणहिता हे नाव घेऊन गोदावरीत विलीन होते.

या संदर्भात एका विचित्र स्थलांतराची नोंद करणे आवश्यक आहे. मोगलीची भूमी म्हणून पर्यटकांना जे अरण्य दाखविले जाते ते पेंच नदीवरचे. मध्यप्रदेशाच्या बाजूस पेंच मोगली अभयारण्य असे नावही देण्यात आले आहे. पेंच ही कन्हानची उपनदी आणि कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, इतकाच तिचा कथेतील नदीशी संबंध. प्रत्यक्ष वैनगंगेच्या काठचा बराचसा मुलूख नांगराखाली आला, अरण्य पेंचकडे उरले, आणि कथा अरण्याच्या मागे गेली. साहित्यातील स्थळे अशीही सरकतात.

प्राण्यांविषयी थोडक्यात लिहिणे पुरे आहे. अस्वल, बिबट, वाघ, अजगर, लांडगा, साळिंदर, घार ही सर्व मंडळी या खोऱ्यातील आहेत. एकोणिसाव्या शतकात सिवनी परिसरात रानटी हत्ती राहिलेले नव्हते; परंतु अबुल फजलने आईन-इ-अकबरीत गढा मुलखातील रानहत्तींचा उल्लेख केलेला असल्यामुळे कथेतील हत्ती हा कालविपर्यास असला तरी स्थलविपर्यास नव्हे. २०२१ साली छत्तीसगडातून एक हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि २०२२ मध्ये गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागापर्यंत पोहोचला, तेव्हा झाडीपट्टीतील लोकांना शेकडो वर्षांनी हा प्राणी अंगणाच्या टोकाशी दिसला; त्यात माणसांचे प्राणही गेले. रानकुत्र्यांच्या बाबतीत मात्र किपलिंगने अन्याय केला आहे. त्याच्या कथेत ते दख्खनकडून चाल करून येणारे परके लुटारू आहेत. वस्तुतः सातपुडा हे त्यांचे मूळचे घर. तिरोड्याच्या दक्षिणेस असलेल्या नागझिऱ्याच्या रानात त्यांच्या टोळ्या प्रसिद्ध आहेत. ब्रिटिश अमदानीत शिकारीचे जनावर संपविणारा उपद्रवी प्राणी म्हणून त्यांना मारण्यासाठी बक्षिसे दिली जात. शिकारी साहेबाचा हा द्वेष लांडग्यांच्या तोंडी घातला गेला, एवढेच.

नावांची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. बालू म्हणजे भालू, हाथी, शेरखान, चील ही सारी नावे हिंदुस्थानीतील. मोगली हे नाव कोणत्याही भाषेतले नसून आपण रचलेले आहे असे किपलिंगने स्वतःच सांगितले आहे. सिवनी, बालाघाट व तिरोडा या पट्ट्यात त्या काळी गोंडी, पोवारी, हिंदी आणि मराठीची झाडी बोली अशा भाषा नांदत होत्या. गोंडीत वाघाला पुल्ली म्हणतात. हा शब्द, किंवा गोंडीतील दुसरे एखादे नाव, कथेतील एकाही प्रमुख प्राण्याला मिळालेले नाही. अरण्य गोंडवनाचे, आणि त्यातील पशू बोलतात ती लष्करी छावणीतली आणि कचेरीतली भाषा.

मनुष्यवस्तीकडे पाहिले असता हा लोप अधिकच स्पष्ट होतो. कथेतील गावात पुरोहित आहे, बलदेव नावाचा बढाईखोर शिकारी आहे, म्हशी चारणारी पोरे आहेत आणि डाकिणीच्या संशयावरून मेसुआ व तिचा नवरा यांना जाळू पाहणारा जमाव आहे. त्या दोघांना संरक्षण मिळते ते तीस मैलांवरच्या कान्हीवाड्यास, कारण तेथे इंग्रज आहे. गाव म्हणजे अंधश्रद्धा आणि इंग्रज म्हणजे न्याय, ही मांडणी त्या काळच्या इंग्रजी लेखनात सर्वत्र आढळते आणि तिच्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. नवल आहे ते गावाच्या शेतीविषयी. वैनगंगेच्या खोऱ्याचे जीवन ज्यावर उभे आहे ते भात आणि तलाव. त्यांना या कथांत काहीच कार्य नाही. भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे आजही तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. कोहळी समाजाने येथे शतकानुशतके टेकड्यांच्या मधल्या खिंडी बांधून मोठे जलाशय निर्माण केले. नवेगावबांधाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी याला देते. बांधी, बोडी, पाट हे शब्द येथल्या प्रत्येक घरातले. पोवार समाज माळव्याकडून येऊन रामटेक, तिरोडा, बालाघाट, सिवनी या पट्ट्यात स्थिरावला आणि त्याने रान तोडून भातशेती वाढविली. गुरे राखण्याचे काम गोवाऱ्यांचे. मोगलीला गावात जे काम मिळाले ते वस्तुतः त्यांचे. अशा प्रकारे रान आणि गाव यांच्यामध्ये येथे भिंत नव्हती. तलावाचे पाणी डोंगरातल्या झाडीवर अवलंबून आणि शेतकऱ्याचा दुष्काळातला आधार मोहाच्या फुलावर. किपलिंगच्या अवर्षणाच्या कथेत मोह फुलत नाही ही अरिष्टाची पहिली खूण मानली आहे. हे निरीक्षण अचूक आहे. परंतु मोह न फुलल्याचे दुःख तेथे अस्वलाला होते, माणसाला नव्हे. कथा लिहिल्यानंतर दोनतीन वर्षांतच, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, मध्यप्रांतावर भीषण दुष्काळ कोसळले आणि १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या घटलेली आढळली. जलसंधीचा करार पाळून एकाच डोहावर पाणी पिणाऱ्या पशूंची ती रम्य कल्पना वाचताना हा मागोमाग आलेला काळ दृष्टीआड करता येत नाही.

गोंडांचा उल्लेख एका ठिकाणी निराळ्या सुरात येतो, तो मान्य केला पाहिजे. मोगली हत्तीकरवी गावावर रान सोडतो त्या कथेत भयभीत ग्रामस्थ गोंडांच्या मुखियाला बोलावतात. लेखक त्याला या भूमीच्या मूळ मालकांचा वंशज म्हणतो. तो काही न बोलता कारल्याचा वेल उचलून देवळाच्या दारावर आडवा लावतो : आता येथे रानकारलीच वाढणार, निघून जा. साऱ्या पुस्तकात मालकीचा हा एकच स्पष्ट उच्चार आहे. पण तो मालक क्षणभर येतो, खूण करतो आणि निघून जातो. भूमी त्याची असल्याचे म्हटले तरी कायदा मात्र त्याचा नाही. तो अरण्याचा आहे.

अरण्याचा हा कायदा म्हणजेच किपलिंगच्या कल्पित सृष्टीचा कणा. अस्वलाने शिकविलेला, सर्व पशूंना बंधनकारक, जुना आणि बारकाव्यांनी भरलेला असा तो आहे. माणसाला मारू नये असा त्यातील एक नियम असून त्याचे खरे कारण लेखक मिस्कीलपणे सांगतो : माणूस मारला की आज ना उद्या हत्तीवर बसून बंदुकवाले गोरे साहेब येतात आणि सगळ्या रानाला त्रास होतो. म्हणजे अरण्याच्या या सनातन कायद्यामागे दुसरा एक कायदा आधीच उभा आहे. तो कोणता, हे १८९४ च्या मध्यप्रांताकडे पाहिल्यास कळते. १८६० नंतरच्या दशकात सातपुड्यातील रान राखीव करण्यास सुरुवात झाली. १८७८ चा वनकायदा आल्यावर राखीव जंगलात चराई, लाकूड, गवत, मध, शिकार या सर्वांवर परवान्याची सत्ता आली. रान जाळून त्या राखेत पेरणी करण्याची बैगांची बेवर शेती बंद करण्यात आली आणि १८९० साली मंडला जिल्ह्यात 'बैगा चक' म्हणून एक तुकडा तेवढा तिच्यासाठी राखून ठेवला गेला. दुसरीकडे बंगाल-नागपूर रेल्वे तिरोड्यावरून जाऊन १८९१ मध्ये असनसोलपर्यंत पोहोचली होती. वैनगंगा ओलांडून मुंडीकोटा, तिरोडा, गंगाझरी या वाटेने धावणाऱ्या या लोहमार्गाला स्लीपरांसाठी लाकूड हवे होते, आणि सरकारला आपल्या जंगलाचा हिशेब. किपलिंगच्या कथांतील वैनगंगेवर आगगाडीची शिट्टी कधी ऐकू येत नाही; ती त्या काळी प्रत्यक्षात रोज ऐकू येत होती.

मोगली जिच्यात सर्वप्रथम अवतरला ती १८९३ ची कथा जंगलपुस्तकांच्या आधीची असून पुष्कळांना ती ठाऊक नसते. तीत तो प्रौढ तरुण आहे. जंगलखात्याचा जर्मन वंशाचा सर्वोच्च अधिकारी त्याला पाहून आनंदित होतो आणि त्याला वनरक्षकाची नोकरी, पगार आणि निवृत्तिवेतन देऊ करतो. मोगली ती पत्करतो. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख खरोखरीच जर्मन होते, ही गोष्ट येथे आठवावी. म्हणजे ज्या अरण्यपुत्राला पशूंचा राजा म्हणून सारे जग ओळखते, त्याचा जन्म कागदावर झाला तो सरकारी चाकर म्हणून. अरण्याचा कायदा आणि वनकायदा यांचे इतके निर्वेध मीलन प्रत्यक्षात कोठेही झाले नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसद येथे लोकनायक अणे यांनी गवत कापून कायदा मोडला, चिरनेरला गोळ्या चालल्या. आणि ९ ऑक्टोबर १९३० रोजी सिवनी जिल्ह्यातील तुरिया गावी राखीव रानातले गवत कापण्यास जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात मुड्डोबाई, रैनोबाई, देमोबाई या तीन गोंड स्त्रिया आणि बिरजू गोंड असे चौघे मृत्युमुखी पडले. मोगलीच्या भूमीचे दर्शन घेण्यास जाणारे बहुसंख्य प्रवासी आज पेंच अरण्यात शिरतात ते तुरियाच्याच दरवाजातून.

येथवरच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की या खोऱ्याजवळ स्वतःची कल्पित सृष्टी नव्हतीच आणि ती परक्याने आणून दिली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधान गायकांकडून गोंडांचे लिंगोगीत उतरवून घेतले होते. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्या गीतात महादेव गोंडांना एका गुहेत कोंडून दाराशी शिळा लावतो. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना सोडविण्यासाठी तप करतो. महादेव त्याच्याकडे प्रचंड काळ्या पक्ष्याची पिल्ले मागतो. पूर्वी त्या पक्ष्याची पिल्ले खाणाऱ्या सर्पाला लिंगो ठार करतो, तेव्हा पक्षी आपण होऊन त्याचे काम करतो. गुहा, कोंडलेली लेकरे, पशुपक्ष्यांशी झालेला करार, आणि शेवटी कुळांची वाटणी व विवाहाचे नियम, म्हणजेच कायदा. किपलिंगच्या कथेतील एकूण एक प्रमुख घटक येथे आहेत. फरक इतकाच की येथे कायदा शिकणारे आणि पाळणारे पशू नसून माणसे आहेत. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड येथे ती गुहा आहे अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. कली कंकालीची मुले तेथे कोंडली गेली आणि पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायताड व वादक हिरासुका पाटालीर यांनी त्यांना मुक्त केले, असे तेथे सांगतात. दर माघी पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून लोक या यात्रेला येतात.

येथे फोर्साइथचे पुस्तक पुन्हा आठवावे लागते. हिस्लॉपच्या संग्रहातील लिंगोगीताचे इंग्रजी पद्यरूप त्याने आपल्या ग्रंथात समाविष्ट केले आहे. ज्या ग्रंथातून वाघ, अस्वले, मोह आणि मधमाश्या मिळू शकत होत्या, त्याच ग्रंथात शेजारच्या पानांवर या अरण्याचे स्वतःचे महाकाव्य छापलेले होते. किपलिंगने ते वाचले आणि सोडले, की वाचलेच नाही, या दोहोंपैकी काहीही असो. परिणाम एकच झाला. साऱ्या जगात वैनगंगेच्या अरण्यातील हरवलेल्या बालकाची कथा म्हणून मोगलीची कथा गेली, आणि कचारगडची कथा यात्रेकरूंपुरती राहिली.

जपानी मालिकेने या वारशाचे काय केले ते आता पाहता येईल. १९४२ आणि १९६७ च्या इंग्रजी चित्रपटांहून ती मूळ पुस्तकाच्या पुष्कळच जवळ आहे : लांडग्यांचा समाज, कळपातील नेतृत्वाचा प्रश्न, रानकुत्र्यांचे आक्रमण हे सर्व तिने विस्ताराने घेतले. मात्र भूगोलाचा धागा तिने आणखी सैल केला. मोगलीचा सोबती म्हणून किची नावाचा जो चिमुकला प्राणी तिने घातला तो तांबडा पांडा आहे. पूर्व हिमालयाच्या थंड बांबूवनात राहणारा हा प्राणी वैनगंगेच्या काठच्या वैशाखात एक दिवसही तग धरणार नाही. किपलिंगने चितोड आणले, जपानी चित्रकारांनी हिमालय आणला. तथापि या मालिकेचा भारतातील परिणाम निराळ्या कारणासाठी अभ्यासनीय आहे. किपलिंगच्या पुस्तकात प्राण्यांना दिलेली हिंदुस्थानी नावे इंग्रजीच्या उच्चारांत अडकून पडली होती. हिंदी संवादांमुळे ती ज्या भाषेतून घेतली होती तिच्यात परत आली. दूरदर्शन हाच एकमेव पडदा असलेल्या त्या काळात झाडीपट्टीतील मुलांनी मोगलीला साहेबाचा मुलगा म्हणून पाहिले नाही. फक्त त्याचे रान आपल्या नदीवरचे आहे ही गोष्ट त्यांना मालिकेने सांगितली नाही.

ती न कळण्याचे एक कारण राजकीय नकाशातही आहे. किपलिंगच्या काळी तिरोडा ही भंडारा जिल्ह्याची उत्तरेकडील तहसील होती आणि भंडारा व सिवनी दोन्ही एकाच मध्यप्रांतात होते. बालाघाट जिल्हा तर १८६७ मध्ये सिवनी, मंडला आणि भंडारा यांचेच भाग जोडून झालेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सिवनी व बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नदी एक, पण तिचा वरचा प्रवाह हिंदी पाठ्यपुस्तकात आणि खालचा मराठी पाठ्यपुस्तकात गेला.

मराठी साहित्याने या खोऱ्याच्या रानाकडे पाहिले ते बऱ्याच उशिरा, आणि किपलिंगच्या वाटेने नव्हे. नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या चोरखमारा व मंगेझरी या वाटा तिरोडा तालुक्यातून जातात. तेथे एकट्याने मुक्काम करून व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी नवेगावबांधास वनाधिकारी म्हणून अनेक वर्षे काढली आणि ढिवर, गोंड, कोहळी यांच्या तोंडून पक्ष्यांची, माशांची व झाडांची स्थानिक नावे टिपून ती मराठीत आणली. नावांच्या बाबतीत किपलिंगच्या पुस्तकात जी उणीव दिसते ती भरून काढणारे हे काम आहे; येथे प्राणी बोलत नाहीत, पण त्यांची नावे त्या भूमीतील आहेत. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच वर्षी 'जय' या नावाने ओळखला जाणारा तरुण वाघ नागझिरा सोडून शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात पोहोचला. एप्रिल २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. कान्हा, पेंच, नागझिरा आणि ताडोबा यांना जोडणाऱ्या ज्या वनपट्ट्यांतून असे वाघ ये-जा करतात, ते पट्टे वैनगंगेच्या खोऱ्यातच आहेत, आणि त्यांच्या मधोमध आज मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या, चौपदरी महामार्ग, कवलेवाड्याजवळचा धापेवाडा बंधारा आणि त्याच्या पाण्यावर चालणारे तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे.